वीस इंचांची रीत

आवडाबाईंचा डावा खुबा बदलून पाच आठवडे झाले होते, आणि त्या पाच आठवड्यांत त्यांच्या सुनेनं, रुचिकानं, गावातली एकही खुर्ची मोजल्याशिवाय सोडली नव्हती.

मोजायला तिच्याकडे दांडा होता. मोडलेल्या पोछ्याचाच, पण करवतीनं बरोबर वीस इंचांवर कापलेला. सासूबाईंच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत सतरा इंच, वर तीन इंच काळजीचे. बसायची जागा दांड्याच्या टोकाखाली गेली की सासूबाईंनी उभंच राहायचं. दांडा कुठं विसरू नये म्हणून तिनं त्याला देव्हाऱ्यातला लाल-पिवळा नाडा बांधला होता आणि तो मनगटात अडकवला होता. एका कडेवर अकरा महिन्यांची लेक, दुसऱ्या मनगटाला दांडा, अशी ती दिवसभर घरात गस्त घालायची.

"अगो, घोड्यासारी उभीच ठेवतेस का मना?" आवडाबाई विचारायच्या.

"बसा की आई. आधी मोजू तर द्या."

"कालच मोजलीस ही खुर्ची."

"काल तुम्ही बसलात ना तिच्यावर? दबली असेल."

सगळा घोळ त्या कागदानं केला होता. मुंबईहून घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला, त्यावर सहा चित्रं. प्रत्येक चित्रात तोच एक टक्कल पडलेला माणूस काहीतरी चुकीचं करत होता आणि त्याच्यावर लाल फुली मारली होती. एकात त्यानं मांडी घातली होती. एकात पायावर पाय टाकला होता. एकात तो कमरेतून नव्वद अंशांच्या पुढे वाकला होता, एकात जमिनीवरची चावी उचलत होता, एकात ऑपरेशनच्या पायावर गर्रकन वळत होता. सहाव्यात बिचारा नुसता झोपला होता. पण दोन पायांत उशी नव्हती म्हणून त्याच्यावरही फुली. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, 'अन्यथा सांधा निखळू शकतो'.

त्या 'शकतो'नं रुचिकाची भूक उडवली. ती गणित घेऊन बीएस्सी झालेली. "शकतो म्हणजे किती टक्के, डॉक्टर?"

"काळजी घेतलीत तर फार कमी."

"फार कमी म्हणजे?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेव्हापासून ती मोजत होती. मांडव्याच्या बोटीत दांडा नव्हता, तर वितीनं मोजलं. सीट दीड इंच कमी भरली, म्हणून खलाशाकडून दोन लाइफ जॅकेटं मागून आणली आणि सासूबाईंना त्यांच्यावर बसवलं.

"बोट बुडली तर हो?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"तर आमच्या आई आधीच वर आहेत," रुचिका म्हणाली.

घरी आल्यावर तिनं त्या कागदाच्या चार प्रती लॅमिनेट करून घेतल्या. एक ओटीवर, एक स्वयंपाकघरात, एक पलंगाशी आणि एक संडासात, कमोडवर बसवलेल्या उंच सीटच्या बरोबर समोर. आवडाबाईंनी त्या माणसाचं नाव 'टकलू भाऊजी' ठेवलं. "सगलीकडं बगतोय मेला," त्या कुरकुरायच्या, "निदान संडासातून तरी काढ."

घराची तर रयाच गेली होती. लेकीचं पाळण्यातलं नाव वेगळं, पण आजीनं ठमी म्हटलं ते राहिलं. ती ठमी रांगत होती आणि हाताला लागेल ते तोंडात घालत होती, म्हणून गुडघ्याखालचं सगळं रुचिकानं उचललं होतं. आजीला वाकता येत नव्हतं, म्हणून आजीचंही सगळं वर. पानाचा डबा, चप्पल, कांदे, बटाटे, नारळ, झाडून सगळं कमरेच्या वर. खालून घर धर्मशाळेसारखं मोकळं, वरून वाण्याचं दुकान. मधे आजी-नात एकमेकींकडे बघत बसायच्या. एकीला खाली येता येत नव्हतं, एकीला वर.

एकदा तर आवडाबाईंनी बसल्या जागेवरून छत्रीची मूठ ठमीच्या चड्डीत अडकवली आणि तिला खेळण्यातल्या गाडीसारखी ओढून घेतली. ठमी खिदळली. रुचिकाच्या हातातलं पातेलं पडलं. ते उचलायला आवडाबाई अर्ध्या वाकल्यासुद्धा.

"नव्वद!" रुचिका ओरडली.

"सत्तर पन न्हाय झाले," आवडाबाई म्हणाल्या. पाच आठवड्यांत त्यांनाही अंश कळायला लागले होते.

अशात नागावहून फोन आला.

नागावला आवडाबाईंची धाकटी बहीण नीराबाई. तिच्या नातीची, प्रणिताची, गुरुवारी हळद. आणि आवडाबाई धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. भटजी येतो, मंत्र म्हणतो, जातो. पण हळद कधी दळायची, पाट कुठं मांडायचा, नवरीला कुणी उठवायचं, हे धवलारीण सांगते, आणि तेही गाऊन. कुणी काही उलटसुलट केलं तर त्याला ती गाण्यातच झाडते. एकदा गाण्यात आलं की ती रीत. तीस वर्षं खारेपाटातल्या किती मांडवांत आवडाबाईंनी अशा रिती लावल्या होत्या, त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

"मी जानार," आवडाबाई म्हणाल्या.

"आई, डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिने अजून व्हायचेत."

"खुबा बदललाय माजा. गला न्हाय बदलला."

"पण धवले खाली पाटावर बसून गातात ना? जात्यापाशी?"

आवडाबाईंनी नव्या खुब्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "खुर्ची मागून घेईन."

रुचिकानं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, खुर्चीवर बसून गाऊ देत की, फक्त नियम पाळा. तिनं नवऱ्याला फोन केला. रितेश तळोज्याला कंपनीत, शनिवारी घरी यायचा. तो म्हणाला, "तू आहेस ना बरोबर? मग काय."

हेच वाक्य रुचिकाला नको होतं. तू आहेस ना. म्हणजे खुबा जागेवर राहिला तर देवाची कृपा, आणि निखळला तर, रुचिका होती ना बरोबर?

तिनं नीराबाईंनाच सुचवून पाहिलं, की यंदा नाही जमलं तर? नीराबाई लगेच म्हणाल्या, "न्हाय तर राहूं दे गो. आमचे दीपेशकडं धवले हायेत, पेनड्राईव्हमधी."

फोन स्पीकरवर होता.

"मी जित्ती हाय," आवडाबाई सावकाश म्हणाल्या, "न् माजे जागी पेनड्राईव्ह बसवतीस?"

"पेनड्राईव्हला निदान खुबा नसतो," रुचिकाच्या तोंडून निसटलं, आणि तिनं जीभ चावली. पण आवडाबाई हसल्या नाहीत. रात्रीच्या जेवणाला त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून ताटात तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशीही तसाच. टकलू भाऊजीच्या कागदावर न जेवणाऱ्याचं चित्र नव्हतं. रुचिकानं दांड्याचा नाडा नवा बांधला आणि म्हणाली, "जाऊ. पण मी सांगेन तिथंच बसायचं."

गुरुवारी दुपारी दोन रिक्षा परत पाठवून तिसरीत उशी टाकून त्या निघाल्या. दुसरा रिक्षावाला अजून रस्त्यात उभा राहून बघत होता. सीट कमी पडते म्हणून त्याला आजवर कुणी नाकारलं नव्हतं.

नीराबाईंच्या अंगणात नारळाच्या झाडांना बांधून मांडव घातला होता. वाडीच्या पलीकडून समुद्राची गाज येत होती आणि अलीकडून दीपेशच्या 'हॅलो, चेक, चेक'ची. हा दीपेश नीराबाईंचा पुतण्या. तिशीचा, गळ्यात जाड साखळी, आणि गावात त्याच्याशिवाय हळद होत नव्हती, कारण डीजे त्याचा.

आवडाबाई वॉकर टेकत आत आल्या तशा बायका सरकल्या. रुचिका पुढे झाली. ठमीला कडेवर सावरत तिनं नाड्याचा दांडा पहिल्या खुर्चीला लावला, मान हलवली. दुसरीला लावला, मान हलवली. तिसऱ्या, लाकडी खुर्चीला लावला आणि मागे वळून सासूबाईंना हात केला. आवडाबाई येऊन तिच्यावर बसल्या.

बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

"ही कनची रीत गो?" एकीनं दुसरीला हळूच विचारलं.

"धवलारनीची काठी," दुसरी ठामपणे म्हणाली. "ती टेकल्याबिगर बसाचा नसतं."

रुचिका तोंड उघडेपर्यंत एक म्हातारी पुढे झाली, दांड्याला हळद-कुंकू लावलं आणि पाया पडली. पोछ्याच्या दांड्याच्या. दुसरी एक बाई बसलेली होती, ती उठून उभी राहिली. "माजे खुर्चीला पन लाव गो." रुचिकानं लावला. काय करणार? मग तिसरीच्या, चौथीच्या. सोळा इंच भरलेल्या एका स्टुलावरची बाई तर खट्टू होऊन मागे जाऊन उभी राहिली.

इथवर ठीक होतं. मग नीराबाई बाहेर आल्या.

त्यांनी अंगणाच्या मधोमध जातं मांडलं होतं. जात्यापुढे देवाचा पाट, शेजारी नवरीचा पाट, आणि समोर धवलारणीचा पाट. सगळे जमिनीवर, सारवलेल्या चौकात.

"ये गो आवडे. बस."

"मी हितूनच गाते नीरे. खुर्चीवरून."

"खुर्चीवरून?" नीराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "देव खाली, जातं खाली, नवरी खाली, न् धवलारीन वर टांगलेली? तूच माजे पोराचे लग्नात मामीला उठवलीस, देवापेक्षा वर बसली म्हनून. गाऊन उठवलीस! विसरलीस?"

आवडाबाई कशा विसरतील? रीत त्यांचीच होती.

"टेन्शन नका घेऊ मावशी," दीपेश म्हणाला, "आपल्याकडे बॅकअप आहे." आणि त्यानं बटण दाबलं. मांडवभर एक गोड आवाज घुमला, 'नमस्कार मंडळी, धवले ऐकण्याआधी आपलं चॅनेल सबस्क्राइब करायला विसरू नका...'

आवडाबाईंचं तोंड लाल झालं. त्या वॉकर धरून उठल्या, तरातरा पाटापर्यंत गेल्या, पदर खोचला.

"बंद कर तो डबा! जाऊं दे मेला खुबा जातो तिकडं." आणि त्या पाटावर बसायला वाकल्या.

रुचिकाला सगळं सावकाश दिसलं. चाळीस अंश. साठ. सत्तर. पिशवीत लॅमिनेट केलेला कागद होता, तो काढून नीराबाईंच्या नाकासमोर धरता आला असता. पण कागद दाखवला की नीराबाई म्हणणार, अगो बाय, तर मग तू आराम कर. आणि सबस्क्राइबवाली बाई पुन्हा सुरू होणार, आणि सासूबाई घरी जाऊन भाकरीचा तुकडा मोडून ठेवणार. ऐंशी.

"थांबा!" ती ओरडली. ठमीला शेजारी उभ्या बाईच्या हातात कोंबून ती धावली आणि दांडा पाटावर उभा रोवला, सासूबाईंच्या आणि पाटाच्या मधोमध. "काठीच्या खाली बसायचं नाही!"

"कुनी?" नीराबाईंनी विचारलं.

"धवलारणीनं."

"असं कोन म्हनतंय?"

रुचिका लहानपणापासून खोटं बोलली की तिचे कान लाल व्हायचे. ते झाले. "रीत आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे."

सगळ्या बायका आवडाबाईंकडे बघायला लागल्या. आवडाबाई पंच्याऐंशी अंशांत अडकलेल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, त्याच्यावरच्या हळदीकुंकवाकडे पाहिलं. मग सावकाश सरळ झाल्या, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सूर लावला:

*काठीचे खाली गो बसाचा न्हाय,*
*देवाला उचला गो, जात्याला उचला,*
*काठीचे माथ्याशी मांडा गो पाट,*
*नीरे गो बहिनी, बगतेस काय?*

गाण्यात आलं. संपलं.

"व्हय गो," पाया पडणारी म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आमची आजी सांगायची ही काठी. मीच विसरले व्हते."

नीराबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी पदर खोचला. "उचला रे जातं!"

उचलणार, पण ठेवणार कशावर? केटररची टेबलं दांड्यापेक्षा हातभर उंच निघाली. प्लास्टिकच्या स्टुलावर जातं ठेवलं तसे त्याचे पाय चार दिशांना गेले. रुचिका दांडा घेऊन मांडवभर फिरली. बर्फाची पेटी, सोळा. पाण्याचं पिंप, बत्तीस. कोपऱ्यात दीपेशचे काळे, कपाटाएवढे बेसचे चार बॉक्स होते. तिनं एक आडवा करून बघायला सांगितला, दांडा लावला.

"वीस!" तिचा आवाज फाटला. "बरोबर वीस!"

"ताई, ते बेस आहेत," दीपेश म्हणाला. "मी त्यांच्यावर चहाचा कपसुद्धा ठेवू देत नाही."

"काठीनं सांगितलंय दीपेश," नीराबाई म्हणाल्या.

पाच मिनिटांत चार बॉक्स चौकात आडवे झाले. एकावर जातं, एकावर देव, एकावर नवरी आणि एकावर, गोधडी घालून, आवडाबाई. दळणाऱ्या सुवासिनींना खुर्च्या दिल्या. खुर्चीवर बसून त्यांनी जात्याचा खुंटा फिरवला आणि एकमेकींकडे बघितलं. "कंबर दुखत न्हाय गो!" "हो ना! एवढी वर्षं कुनी सांगितलं कसं न्हाय?" दीपेशचं टेबल देवासमोर येत होतं, म्हणून त्याच्या बटणांची पेटी तिथून हलवून खाली जमिनीवर ठेवली. बॉक्सना वायरी लावलेल्याच राहिल्या.

आवडाबाई गायला लागल्या. पाच आठवडे कोंडलेला आवाज नारळांच्या शेंड्यांपर्यंत गेला. जातं घरघरत होतं, हळद पडत होती, आणि रुचिका समोर उभी राहून सासूबाईंचा डावा गुडघा बघत होती. गुडघा खुब्यापेक्षा खाली. पाय सरळ. पायावर पाय नाही. टकलू भाऊजीनं शिकावं असं बसणं.

ती एवढी त्या गुडघ्याकडे बघत होती की ठमीकडे बघायचं राहिलं. त्या बाईनं तिला कधीच खाली सोडलं होतं. आज मांडवात सगळंच वर गेलेलं, गुडघ्याखाली उरलेली एकच वस्तू, दिव्यादिव्यांची, लाल-हिरव्या बटणांची, ठमीच्या अगदी तोंडासमोर होती. ठमीनं तिच्यावर दोन्ही हात आपटले.

ढुम्म.

जात्यातली हळद उसळून हातभर वर आली. ढुम्म, ढुम्म. देव हलले. नवरी बॉक्सवर बसल्या बसल्या नाचायला लागली, तिच्या मनात नसताना. पिवळ्या धुरळ्यात काही दिसेना, आणि त्या धुरळ्यातून आवडाबाईंचा आवाज आला, तोही ढुम्मच्या ठेक्यात तुटत, "अ-गो मा-जा खु-बा ना-च-तंय!"

रुचिकाचं एक पाऊल सासूबाईंकडे पडलं. तेवढ्यात तिला ठमी दिसली, वायर तोंडाकडे नेणारी. दुसरं पाऊल ठमीकडे. ती मधेच उभी राहिली, एक पाय इकडे, एक तिकडे.

"पोरीला बग!" आवडाबाई गरजल्या. "मी वीस इंचावर हाय! मना काय व्हतंय!"

रुचिकानं झेप घेतली, ठमीला उचललं, वायर हिसकावली. दीपेशनं कुठलंसं बटण बंद केलं. सगळं थांबलं. हळद हळूहळू खाली बसली. नवरीला हळद रात्री लागायची होती. ती आत्ताच लागली, नवरीला, देवाला, नीराबाईंना, डीजेच्या साखळीला, सगळ्यांना सारखी.

आवडाबाई बॉक्सवर ताठ बसल्या होत्या. भुवयासुद्धा पिवळ्या. आवडाबाईंनी डावा पाय हळूच पुढे केला. मग मागे घेतला.

"हाय जागेवर," त्या म्हणाल्या, तोंडातली हळद थुंकल्या आणि ज्या ओळीवर तुटलं होतं तिथूनच पुढचं गायला लागल्या. रुचिका मटकन खाली बसली. तिला कुणी मोजलं नाही.

मे महिन्यात डॉक्टरांनी एक्स-रे बघून अंगठा वर केला. "छान बसलाय सांधा. आता धरून, सावकाश, थोडा वेळ खाली बसलात तरी चालेल." आवडाबाईंनी घरी येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे संडासातला टकलू भाऊजी काढला. दुसरी म्हणजे पुढच्या हळदीचं आमंत्रण घेतलं. "आथा खाली बसून गाईन," त्या म्हणाल्या. "जात्याला डोकं लावून."

पण त्या हळदीच्या घरी पोचल्या तर अंगणात चार बॉक्स आडवे. घरधनीण दारातच. "काठी आनलीत ना? नागावहून सांगितलं व्हतं आमाला सगलं. येकदा लावून बगा, वीस हाय का."

"मी पाटावर बसते गो," आवडाबाई म्हणाल्या.

"काठीचे खाली?" घरधनीण दचकली. "न्हाय गो बाई. आमचे पोरीचं लगीन हाय."

आवडाबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. रुचिका खाली मान घालून दांडा लावत होती. तिचे कान लाल होते.

तेव्हापासून आवडाबाईंच्या घरी दुपारी दार लोटलेलं असतं. आत आवडाबाई पलंगाचा कठडा धरून, सावकाश, अंश मोजत, खाली चटईवर बसतात. ठमी आता चालायला लागलीय. आजी खाली आली की ती आजीच्या डोक्यावरून हात फिरवते आणि पळून जाते.

"कोन येतंय का बग गो," आवडाबाई आतून म्हणतात. धवलारीण काठीच्या खाली बसलेली कुणी पाहिली म्हणजे झालंच.

"कुणी नाही आई. बसा," रुचिका दारातून म्हणते. मनगटाला दांडा असतोच.